मोलेंच्या जंगलातून वीजवाहिनी टळली, आता ती कोणाच्या पोफळींवरून जाणार?

वेळूबन (धागाकर्ता)

गोव्यात म्हणण्यासारखी वीजनिर्मिती होत नाही. लागणारी बहुतेक वीज बाहेरून येते. एक मोठी वाट कोल्हापूरकडून म्हापशाला येणाऱ्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिनीची आहे आणि दुसरी कर्नाटकातल्या आंबेवाडीहून फोंड्याला उतरणाऱ्या जुन्या २२० केव्ही वाहिनीची. या दोन वाटांवरचा भार वाढत चालला म्हणून गोवा-तमनार प्रकल्प आखला गेला. त्याचा एक तुकडा छत्तीसगडमध्ये आहे. गोव्यातल्या तुकड्यात सांगोड येथील ४००/२२० केव्ही उपकेंद्र, तेथून म्हापशाकडे जाणारी वाहिनी आणि धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्राला जोडणारी ४०० केव्ही वाहिनी येते. ही शेवटची वाहिनी मोलें येथील भगवान महावीर अभयारण्याच्या अखंड जंगलातून न्यायची ठरली होती. त्याच परिसरातून रेल्वेचा दुसरा मार्ग आणि महामार्गाचे रुंदीकरणही जाणार होते, त्यामुळे २०२० मध्ये तिन्ही प्रकल्पांविरुद्ध ‘आमचे मोलें’ ही मोहीम उभी राहिली आणि गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले.

न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात वाहिनीला सरसकट नकार दिला नाही. नवे जंगल न कापता आंबेवाडी-फोंडा या २२० केव्ही वाहिनीच्या आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून, त्याचीच क्षमता वाढवून वीज आणावी, अशी समितीची शिफारस होती, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ती उचलून धरली. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, आणि आजही मी त्याच्या बाजूने आहे.

तरीही धागा काढावासा वाटला, कारण माझे आजोळ फोंडा तालुक्यात आहे. मावशीच्या कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेने एक जुनी उच्चदाब वाहिनी जाते आणि दर दीड-दोन वर्षांनी छाटणीची माणसे येतात. आंब्या-फणसाची फांदी तोडली तर ती पुन्हा फुटते. पोफळीला (सुपारीच्या झाडाला) आणि माडाला मात्र वाढीचा कोंब एकच असतो, आणि तो शेंड्याला असतो. शेंडा उडवला की झाड संपले. वहीत मात्र त्याची नोंद ‘छाटणी’ अशीच होते, आणि छाटणीला मोबदला नसतो. गेल्या वीस वर्षांत अशा ‘छाटलेल्या’ पोफळी किती, हे मावशीला तोंडपाठ आहे.

जुना पट्टा वापरा, असे आपण जंगलाच्या बाजूने म्हणतो तेव्हा त्या पट्ट्याखाली आधीच राहणाऱ्या माणसांना आपण काय देणार आहोत? वाहिनी हवी की नको, हा वाद कृपया इथे नको. ती कोठून जावी, हे कोण ठरवतो आणि कोणाला विचारून, एवढ्यावरच बोलूया.

निवृत्त_अभियंता

माझी नोकरी पारेषणात, म्हणजे उच्चदाब वाहिन्यांनी वीज दूर नेण्याच्या कामात गेली, त्यामुळे थोडी तांत्रिक बाजू मांडतो. वाहिनीसाठी लागणारा पट्टा दाबानुसार (व्होल्टेजनुसार) ठरतो. १३२ केव्हीला २७ मीटर, २२० केव्हीला ३५ मीटर, ४०० केव्हीला ४६ मीटर आणि ७६५ केव्हीच्या दुहेरी परिपथाला (तारांच्या दोन संचांना) ६७ मीटर असे आपल्याकडचे मान आहे. ४०० केव्हीची एक किलोमीटर वाहिनी म्हणजे ४.६ हेक्टर, म्हणजेच सव्वाअकरा एकरांहून अधिक जमीन. दोन स्वतंत्र वाहिन्या शेजारी शेजारी नेल्या तर ३५ अधिक ४६ असा पट्टा लागतो. एकाच उंच मनोऱ्यावर दोन्ही दाबांचे परिपथ चढवले तर मोठ्या दाबाच्या पट्ट्यात दोन्ही मावतात. ‘जुन्या पट्ट्याची क्षमता वाढवा’ या शिफारशीचा अभियांत्रिकी अर्थ साधारण असा निघतो.

दुसरा मार्ग तारा बदलण्याचा आहे. नेहमीची पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम तार साधारण ८५ अंश तापमानापर्यंत चालवतात. त्यापुढे ती लांबते, झोळ वाढतो आणि जमिनीपासूनचे अंतर कमी होते. कमी झोळाच्या उच्चतापमान तारा त्याहून कितीतरी जास्त तापूनही फारशा लोंबत नाहीत, त्यामुळे त्याच मनोऱ्यांवरून जास्त प्रवाह नेता येतो. त्या महाग पडतात आणि वीजगळतीही वाढते, पण त्यासाठी नवीन झाड तोडावे लागत नाही.

अडचण अशी की चालू वाहिनीच्या जागी काम करायचे तर ती बंद ठेवावी लागते, आणि गोव्यासारख्या दोनच मोठ्या वाटांवर उभ्या असलेल्या राज्यात तेवढा बंद काळ मिळवणे सोपे नसते. नियोजनकारांना कोरे जंगल आवडते, त्याचे हे खरे कारण आहे. तिथे काम अडत नाही आणि दारात कोणी येऊन उभे राहत नाही.

घाटवाट

अभियंता महोदयांच्या शेवटच्या वाक्याबद्दल आभार. इतक्या सरळपणे हे सहसा कोणी सांगत नाही.

जंगलाची हानी केवळ तोडलेल्या झाडांच्या आकड्याने मोजली जाते, याला माझा आक्षेप आहे. सदाहरित जंगलात ४६ मीटरची फट पडली की जमिनीवर ऊन पोहोचते, कडेची माती सुकते आणि दोन पावसाळ्यांत रानमोडी आणि घाणेरी माजते. उन्हाळ्यात हीच झुडपे वणव्याला वाट देतात. शेकरू, वांदर आणि लाजवंतीसारखे प्राणी फांदीवरून फांदीवर जातात. त्यांच्यासाठी ही फट म्हणजे नदीच असते. पंचनाम्यात मात्र ‘अमुक हेक्टर, अमुक झाडे’ एवढेच येते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेच्या अनुसूचीत पारेषण वाहिन्या नाहीतच. त्यामुळे शेकडो किलोमीटरच्या वाहिनीलाही पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. वाहिनी वनजमिनीत शिरली तर वनमंजुरी, अभयारण्यात शिरली तर वन्यजीव मंडळाची मंजुरी, आणि खासगी शेतात शिरली तर काहीच नाही. मोलेंचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो तिथे अभयारण्य होते म्हणून. वेळूबन यांच्या मावशींचे कुळागर अभयारण्य नाही.

बागायतदार_तासगाव

मी द्राक्ष बागायतदार आहे. आमच्या शेतावरून काही वर्षांपूर्वी २२० केव्हीची वाहिनी गेली. कंपनीचे नाव घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीविरुद्ध नसून पद्धतीविरुद्ध आहे.

हिशेब सांगतो. मनोऱ्याच्या चार पायांमधली जागा बारा बाय बारा मीटर, म्हणजे दीड गुंठ्याला थोडी कमी. तारांखालचा पट्टा ३५ मीटर रुंद आणि माझ्या शेतातली लांबी १२० मीटर, म्हणजे साडेएक्केचाळीस गुंठे, एक एकराहून दीड गुंठा जास्त. मे २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे मनोऱ्याच्या जागेला रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला पंधरा टक्के धरले गेले. दोन्हींची बेरीज केली तर मला साधारण नऊ गुंठ्यांची किंमत मिळाली, तीही रेडीरेकनरच्या दराने, जो आमच्या भागातल्या बाजारभावाच्या जवळपासही नाही. जमीन सातबाऱ्यावर माझ्याच नावाची आहे, त्यामुळे संपादन झालेच नाही असे मला सांगितले जाते.

आता त्या एकरात काय करता येत नाही ते ऐका. घर किंवा शेड बांधता येत नाही. बोअरची गाडी मस्तूल उभे करून लावता येत नाही, म्हणून पाण्याचा बिंदू तिथे दाखवला असूनही बोअर दुसरीकडे घेतली आणि ती कोरडी गेली. नारळ, आंबा, साग काही लावता येत नाही. द्राक्ष चालते, पण द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारा. वाहिनीला समांतर शंभर मीटर ताणलेल्या तारेत प्रवर्तनाने दाब येतो आणि सकाळी दवात छाटणी करणाऱ्या बायकांना झिणझिण्या येतात. सुरुवातीला बायका म्हणायच्या की बागेत काहीतरी आहे. नंतर गावातल्या वायरमनने प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना जमिनीत सळई ठोकून आर्थिंग केले तेव्हा ते थांबले. हे काम वाहिनी उभारणाऱ्यांनी करायला हवे होते. त्यांनी सांगितलेही नव्हते.

पिकाचे नुकसान मिळाले, पण एकाच हंगामाचे. द्राक्षवेल उपटल्यावर नवी बाग पुन्हा धरेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, हे पंचनामा करणाऱ्याला पटवायला माझे सहा महिने गेले.

अर्धा_वकील

बागायतदार काका, तुमच्या अनुभवामागचा कायदा थोडक्यात सांगतो, कारण गाठ तिथेच आहे.

वीज कायदा, २००३ च्या कलम ६७ खालच्या २००६ च्या नियमांत जमीनमालकाची संमती घेण्याची तरतूद आहे. परंतु याच कायद्याचे कलम १६४ शासनाला मुभा देते की, वाहिनी उभारणाऱ्याला १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील अधिकार बहाल करावेत. ते अधिकार मिळाले की संमतीचा प्रश्नच उरत नाही. नुकसान कमीत कमी करायचे, भरपाई द्यायची आणि काम करायचे. जमीनमालकाने अडवले तर जिल्हादंडाधिकारी त्याच तार अधिनियमाच्या कलम १६(१) खाली आदेश देतात. तारायंत्राच्या खांबासाठी केलेली तरतूद चाळीस-पन्नास मीटर उंचीच्या मनोऱ्याला लागू होते, यातली विसंगती न्यायालयांपुढे अनेकदा मांडली गेली आहे. पॉवरग्रिड आणि सेंच्युरी टेक्स्टाइल्स यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिकार मान्य केले, त्यामुळे त्या वाटेने फारसे काही हाती लागत नाही.

हाती लागते ते कलम १६(३) मुळे. भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. केरळ राज्य वीज मंडळाच्या २००७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरपाई एका ठोकळ सूत्राने ठरवता येणार नाही. जमीन कोठे आहे, वाहिनी तिच्या मधून जाते की कडेने, किती भाग निरुपयोगी होतो, हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागेल. तुमची कोरडी गेलेली बोअर या मुद्द्यात बसते. कागद ठेवले असतील तर अजूनही कोणा स्थानिक वकिलाला दाखवा, मुदतीचा प्रश्न तेच पाहू शकतील.

दर मात्र बदलले आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या सूचनांत मनोऱ्याच्या जागेला ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. १४ जून २०२४ च्या सूचनांत ते अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले, आणि मार्च २०२५ मध्ये पट्ट्याचा दर नगरपालिका व महापालिका क्षेत्रात ४५ आणि महानगरांत ६० टक्क्यांपर्यंत नेला गेला. या सूचना राज्याने स्वीकारल्या तरच राज्याच्या वाहिन्यांना लागू पडतात, हे लक्षात ठेवावे.

सई_पुणे

मूळ प्रश्नात ‘राहणाऱ्या माणसांचा’ उल्लेख आहे, म्हणून विचारते. आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडून २२० केव्हीची वाहिनी जाते. पावसाळ्यात रात्री तिचा सरसर असा आवाज येतो आणि लहान मुले असलेल्या घरांत कर्करोगाची भीती बोलली जाते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या मजकुरापलीकडे यात खरे काय आहे?

मंदचुंबक

सई ताई, मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक माझा विषय नाही. जे निश्चित आहे तेवढेच सांगतो.

आवाज हा तारेभोवतालची हवा किंचित आयनीभूत (विद्युतभारित) झाल्याचा आहे. तारेवर थेंब साचले की तो वाढतो, म्हणून पावसाळ्यात आणि धुक्यात जास्त ऐकू येतो. झोप मोडत असेल तर तो खरा त्रास आहे आणि त्याची तक्रार जरूर करावी, मात्र तो धोक्याचा इशारा नव्हे.

क्षेत्रे दोन असतात. विद्युतक्षेत्र दाबावर अवलंबून असते. वाहिनीखाली हातात धरलेली ट्यूबलाइट मंद पेटते ती त्यामुळे. हे क्षेत्र भिंती, झाडे आणि छप्पर यांनी बरेच अडते. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावर अवलंबून असते आणि भिंतीने अडत नाही, पण अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. बरोबर तारांखाली ते साधारण काही मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) असते. अनायनकारी प्रारणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये सामान्य लोकांसाठी सुचवलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे तात्काळ परिणामांच्या दृष्टीने बरेच अंतर शिल्लक राहते.

भीतीचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या घरांत सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लांहून जास्त होते तिथल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले, असा सांख्यिकीय संबंध काही एकत्रित अभ्यासांत आढळला. त्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, आणि प्रयोगशाळेत त्याला दुजोरा देणारी यंत्रणाही सापडलेली नाही. म्हणून मी घाबरवणार नाही, पण नवी शाळा किंवा अंगणवाडी वाहिनीच्या पट्ट्याला लागून बांधू नये, असे मात्र म्हणेन. त्याला खर्च येत नाही, फक्त नकाशा आधी पाहावा लागतो.

निवृत्त_अभियंता

यात सुरक्षित अंतराची भर घालतो, कारण प्रत्यक्षात माणसे दगावतात ती क्षेत्रामुळे नव्हे, अंतर मोडल्यामुळे. इमारतीपासून आडवे अंतर ३३ केव्हीपर्यंत २ मीटर आणि पुढील प्रत्येक ३३ केव्हीला किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटर असे वाढते. या हिशेबाने २२० केव्हीला ३.८ मीटर आणि ४०० केव्हीला ५.६ मीटर येते. हे अंतर वाऱ्याने तार जास्तीत जास्त झुलली असता मोजायचे असते, शांत दुपारी उभे राहून नव्हे. गच्चीवर पत्र्याची शेड चढवणारे नेमके हेच विसरतात.

घाटवाट

भुयारी केबल हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न कोणीच विचारला नाही. तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेत वाहिन्या जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला होता आणि मार्च २०२४ मध्ये तो बराच सौम्य केला. मग कुळागरे असलेल्या तीन-चार किलोमीटरपुरती तरी केबल का नको?

निवृत्त_अभियंता

तीन-चार किलोमीटरपुरती नक्की शक्य आहे. अडचण लांबीची असते. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या केबलमध्ये धारकतेमुळे, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे, प्रभारण प्रवाह वाहतो आणि ४०० केव्हीला काही दशक किलोमीटरांतच केबलची क्षमता तो स्वतःच खाऊन टाकतो. एकदिश (डीसी) प्रवाहात हा प्रश्न नसतो. तमिळनाडूतल्या पुगलूरहून केरळात त्रिशूरला जाणाऱ्या २००० मेगावॅटच्या एकदिश जोडणीत दाट वस्ती असलेल्या केरळच्या भागात सुमारे २७ किलोमीटर केबल जमिनीखालून नेली आहे. मुंबईतही कुडूस-आरे या ८० किलोमीटरच्या जोडणीत सुमारे ५० किलोमीटर भुयारी आहे.

खर्च मात्र मनोऱ्यांवरून जाणाऱ्या वाहिनीच्या कित्येक पट होतो, बिघाड शोधून दुरुस्त करायला दिवसांऐवजी आठवडे जातात, आणि चरावर खोल मुळांची झाडे लावता येत नाहीत. पोफळीची मुळे उथळ असली तरी चर खणताना ती तोडावीच लागतील. मुंबईला हे परवडले, कारण तिथे जमिनीची किंमत तशी आहे आणि १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेल्यावर सर्वांना घाई झाली. फोंड्यातल्या शेतकऱ्यासाठी कोणी तसा हिशेब मांडेल, असे मला वाटत नाही. मांडायला हवा, हे मान्य आहे.

बागायतदार_तासगाव

वेळूबन, मावशींना माझ्याकडून एवढे सांगा. सर्वेक्षणाची माणसे लाल-पांढरे दांडे घेऊन येतात तेव्हाच सगळे ठरलेले असते, असे समजू नका. मनोऱ्याच्या जागा त्या टप्प्यावर थोड्याफार सरकतात. आमच्या शेजाऱ्याने विहीर दाखवली आणि मनोरा बांधावर गेला. मी मात्र नोटिशीची वाट पाहत बसलो. झाडांची मोजणी आधी करून घ्या, कृषी सहायकाची सही घ्या, फोटो तारखेसह ठेवा. झाड उभे असतानाचा कागद आणि पडल्यानंतरचा कागद यांच्या किमतीत फरक असतो.

वेळूबन

सर्वांचे आभार. काल मावशीशी बोललो. समितीचा अहवाल, न्यायालयाचा आदेश यांत तिला रस नव्हता. मोलेंचे रान वाचले हे ऐकून मात्र तिला खरोखर बरे वाटले. ‘रान उरले तर झरी उरेल’ असे म्हणाली, कारण तिच्या कुळागराला पाणी डोंगरातल्या झऱ्याचेच येते. मग तिने वही काढली. ‘छाटलेल्या’ पोफळी एकशे सदतीस. उभ्या असलेल्या चारशे बारा, माड एकोणतीस. भाच्याला पाठवून ती दोरीने पट्टा आखून घेणार आहे आणि कृषी अधिकाऱ्याला बोलावणार आहे.

अभियंता महोदय, एकच विचारतो. सध्या तिथे जुन्या दाबाची वाहिनी आहे. दोरी लावताना पट्टा आजचा धरावा की उद्याचा?

निवृत्त_अभियंता

४०० केव्हीचा धरा. मनोऱ्यांची मध्यरेषा दोरीने आखून घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना तेवीस-तेवीस मीटर मोजा. भाच्याला कापडी टेप देऊ नका, दवात ओली झाली की तिचे माप बदलते. आणि लोखंडी टेप तारांखाली अजिबात नको. फायबरची घ्या.